वरिष्ठांचे वागणे आणि आपल्या कामाचा ताण : मोजायचा कसा?



शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी होणाऱ्या गप्पा जरा आठवून बघा. पगार, बदली, ऑनलाइन माहिती हे विषय झाले की गाडी हमखास एका गोष्टीवर येते, ती म्हणजे साहेब. कुणी म्हणतं, "आमचे साहेब चांगले आहेत, कितीही काम असलं तरी जड जात नाही." कुणी म्हणतं, "काम काही विशेष नाही हो, पण फोन वाजला की नको वाटतं." पालकांनो, तुम्ही बँकेत असा, एसटी डेपोत असा, कंपनीत असा नाहीतर दवाखान्यात, तुमच्याकडेही याच गप्पा होत असणार.

या गप्पांचं पुढे मात्र काहीच होत नाही. ज्याला त्रास होतो त्याला "तुमचा स्वभावच हळवा" असं ऐकून घ्यावं लागतं. ज्या वरिष्ठांमुळे त्रास होतो त्यांना बऱ्याचदा त्याची कल्पनाही नसते. आणि जे वरिष्ठ खरोखर चांगलं वागतात त्यांच्या चांगुलपणाची नोंद कुठेच होत नाही. आपण मुलांची उंची-वजन मोजतो, वाचनाचा स्तर तपासतो, हजेरीची टक्केवारी काढतो. मग वरिष्ठांच्या वागण्याचा आपल्या ताणावर किती परिणाम होतो, हे मोजता येईल का?

मोजता येतं. जगात आणि आपल्या देशातही त्यासाठी चांगली साधने तयार झालेली आहेत. डी.एड.ला आपण कृतिसंशोधन शिकलो होतो, आठवतंय ना? समस्या, उद्दिष्टे, साधन, माहिती संकलन, निष्कर्ष. त्याच पायऱ्यांनी आज हा विषय समजून घेऊया.

१) आधी शब्द नीट समजून घेऊ : दबाव आणि ताण

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी कवायत, भाषणं, रांगोळी, पाहुणे अशी आपली किती धावपळ होते! तो दबाव असतो. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम छान झाला की तो उतरतो आणि उलट समाधान वाटतं. ताण वेगळा. अंगावर पडलेला भार आपल्या पेलण्याच्या पलीकडे जातो, बराच काळ तसाच राहतो आणि शरीर-मनावर त्याचा वाईट परिणाम दिसू लागतो, तेव्हा त्याला ताण म्हणायचं.

हा ताण केव्हा तयार होतो? अमेरिकन संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये याचं एक सोपं चित्र मांडलं. त्यात दोन गोष्टी पाहायच्या. कामाची मागणी किती आहे आणि ते काम कसं करायचं हे ठरवण्याची मोकळीक किती आहे. मागणी जास्त आणि मोकळीकही जास्त असेल तर माणूस दमतो, पण शिकतो, वाढतो. मागणी जास्त आणि मोकळीक कमी असेल तर मात्र ताण वाढतो.

आपलंच उदाहरण घ्या. "तीन महिन्यांत वर्गातली सगळी मुलं वाचायला लागली पाहिजेत" ही मोठी मागणी आहे. पण "कसं करायचं ते तुम्ही ठरवा, साहित्य काय लागेल ते सांगा" असं वरिष्ठ म्हणाले तर आपण जोमाने कामाला लागतो. त्याच मागणीसोबत "अमुक वाजता अमुकच घ्यायचं, रोज त्याचे फोटो टाकायचे" असं आलं तर? मागणी तीच आहे, मोकळीक मात्र गेली.

पुढे १९८८ मध्ये जेफ्री जॉन्सन आणि एलन हॉल यांनी यात तिसरी गोष्ट धरली, ती म्हणजे आधार. सहकाऱ्यांचा आणि वरिष्ठांचा. आता जरा विचार करा. मागणी कोण ठरवतं? मोकळीक कोण देतं? आधार कोण देतं? तिन्ही ठिकाणी वरिष्ठांचा हात आहेच. सगळा ताण वरिष्ठांमुळेच येतो असं याचा अर्थ नाही. पण ताणाकडे जाणाऱ्या तिन्ही वाटा त्यांच्या दारावरून जातात, एवढं नक्की.

२) ताणाची सहा उगमस्थाने

ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणची सुरक्षितता पाहणारी 'हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह' नावाची सरकारी संस्था आहे. तिने २००४ मध्ये कामाच्या ताणाविषयी मानके जाहीर केली. त्यात ताणाची सहा उगमस्थाने सांगितली आहेत. कंसातली उदाहरणे आपली.

• मागणी : कामाचं प्रमाण, वेळ, परिस्थिती. (दोन वर्ग एका शिक्षकाकडे, त्यात बीएलओचं काम.)
• नियंत्रण : आपलं काम कसं करायचं यात आपलं किती चालतं. (वर्गाचं नियोजन कोण ठरवतं?)
• आधार : वरिष्ठ आणि सहकारी मदतीला येतात का. (पोर्टल चालत नाही म्हटल्यावर उत्तर काय मिळतं?)
• संबंध : अपमान, भांडण, गटबाजी आहे की मोकळेपणा. (चूक बैठकीत सर्वांसमोर सांगतात की बाजूला घेऊन?)
• भूमिका : माझं नेमकं काम कोणतं हे स्पष्ट आहे का. (शिकवणं, पोषण आहाराचा हिशोब, बांधकामावर देखरेख, यात आधी काय?)
• बदल : नवीन गोष्ट आणताना विश्वासात घेतात का. (नवे ॲप आले, प्रशिक्षण नंतर.)

यावर त्यांनी ३५ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. आधाराचे 'वरिष्ठांचा' आणि 'सहकाऱ्यांचा' असे दोन भाग केल्यामुळे तिचे निकाल सात शीर्षकांखाली मिळतात. म्हणजे "मला ताण आहे" एवढ्यावर न थांबता "ताण नेमका कुठून येतो आहे" हे त्यातून कळतं. आपण मुलाच्या चाचणीत नुसते एकूण गुण न पाहता बेरजेत अडखळतो की वजाबाकीत हे पाहतो, तसंच हे.

नंतर याच संस्थेने 'चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल अँड डेव्हलपमेंट' या संस्थेच्या जोडीने संशोधन करवून घेतलं आणि वरिष्ठांच्या वागण्यासाठी ६६ विधानांचं वेगळं साधन आलं. त्यात वागण्याचे चार गट आहेत : स्वतःच्या भावना आवरून सचोटीने व आदराने वागणं, आजच्या आणि पुढच्या कामाचं नियोजन करून ते नीट सांगणं, गटातल्या प्रत्येक माणसाकडे लक्ष देणं, आणि अवघड प्रसंग हाताळणं. बघा, यात 'हुशारी' किंवा 'दरारा' कुठेच नाही. सगळ्या रोजच्या, दिसणाऱ्या कृती आहेत.

३) रक्तदाबाने दिलेला पुरावा

कुणी म्हणेल, "प्रश्नावलीत माणसं काहीही लिहितात." ठीक आहे. मग २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला एक अभ्यास पाहूया.

संशोधकांनी रुग्णसेवेत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या २८ महिला निवडल्या. त्यांच्याकडून आधी एक प्रश्नावली भरून घेतली. तुमचे वरिष्ठ तुमच्याशी कसे बोलतात, कसे वागतात, न्यायाने वागतात का, असं त्यात विचारलं होतं. त्यातल्या १३ जणींना आलटून पालटून दोन वरिष्ठांच्या हाताखाली काम करावं लागत होतं. त्यातले एक त्यांना चांगले वाटणारे, दुसरे तसे न वाटणारे. उरलेल्या १५ जणींचा गट तुलनेसाठी होता. त्यांना एकच वरिष्ठ होते किंवा दोन असले तरी दोघे सारखेच वाटत होते. कामाच्या दिवशी अंगावर लावलेल्या यंत्राने १२ तास, दर ३० मिनिटांनी रक्तदाब मोजला.

निकाल असा आला. पहिल्या गटातल्या महिलांचा रक्तदाब न आवडणाऱ्या वरिष्ठांच्या दिवशी वरचा सरासरी १५ आणि खालचा ७ अंकांनी जास्त होता. तुलनेच्या गटात दोन दिवसांमधला वरच्या रक्तदाबाचा फरक फक्त ३ अंकांचा होता आणि खालच्यात फरक जवळजवळ नव्हताच.

या अभ्यासाची रचना आपण शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. बाई तीच, काम तेच, फक्त वरिष्ठ वेगळे. म्हणजे प्रत्येकीची तुलना तिच्या स्वतःशीच झाली. त्यामुळे "ती मुळातच चिडकी आहे" हा आक्षेप उरत नाही, कारण चिडकी असेल तर ती दोन्ही दिवशी चिडकी असेल. मर्यादाही लक्षात ठेवा. २८ ही संख्या लहान आहे आणि एका छोट्या अभ्यासावरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढायचा नसतो. पण शरीर नोंद ठेवतं, एवढं यातून दिसतं.

४) वागणं विचारा, स्वभाव विचारू नका

वरिष्ठांच्या त्रासदायक वागण्यावर बेनेट टेपर या अमेरिकन संशोधकाने २००० साली १५ विधानांची एक श्रेणी मांडली. ती पुढे खूप वापरली गेली. आपल्या देशात उदय पारीक यांची भूमिकाताणावरची ५० विधानांची श्रेणी आणि ए. के. श्रीवास्तव व ए. पी. सिंग यांची ४६ विधानांची व्यवसायताण निर्देशांकाची प्रश्नावली संशोधक वापरत आले आहेत. 'मागच्या महिन्यात तुम्हाला किती वेळा असं वाटलं' अशा पद्धतीने ताण मोजणारी शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची श्रेणी १९८३ ची आहे.

अशा साधनांमधून आपल्याला एक महत्त्वाचा धडा घेता येतो. "तुमचे साहेब वाईट आहेत का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. याचं उत्तर मूडवर अवलंबून राहतं. "मागच्या चार आठवड्यांत त्यांनी इतरांसमोर तुम्हाला टाकून बोलण्याचा प्रसंग किती वेळा आला?" हा प्रश्न चांगला. कारण तो घडलेल्या गोष्टीबद्दल आहे आणि त्याला काळाची मर्यादा आहे. मुलाबद्दल "तो आळशी आहे" असं न लिहिता "या आठवड्यात पाचपैकी तीन दिवस गृहपाठ अपूर्ण" असं आपण लिहितो ना, तसंच.

५) आपली छोटी प्रश्नावली

वर सांगितलेल्या साधनांची नक्कल न करता, आपल्या कामाला धरून मी काही विधाने तयार केली आहेत. उत्तरे पाच पायऱ्यांच्या पदनिश्चयन श्रेणीत : कधीच नाही (१), क्वचित (२), कधी कधी (३), बऱ्याचदा (४), नेहमी (५). अशा श्रेणीची पद्धत १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट यांनी मांडली, म्हणून तिला लिकर्ट श्रेणी म्हणतात.

भाग अ : मागील चार आठवड्यांत माझ्या वरिष्ठांनी...

१. काम सांगताना ते कशासाठी आणि कधीपर्यंत हवं हे स्पष्ट सांगितलं.
२. माहिती मागताना ती तयार करायला पुरेसा वेळ दिला.
३. माझी अडचण मध्येच न तोडता ऐकून घेतली.
४. केलेल्या कामाची दखल घेतली.
५. माझ्या वर्गाचं नियोजन मला ठरवू दिलं.
६. इतरांसमोर मला टाकून बोलले. (उलट)
७. एकच काम एकदा असं आणि एकदा तसं करायला सांगितलं. (उलट)
८. शाळा सुटल्यानंतर, तातडीचं नसलेलं काम फोनवर सांगितलं. (उलट)

शेवटच्या तीन विधानांत गुण उलटे मोजायचे. दिलेला अंक ६ मधून वजा करायचा. म्हणजे कुणी 'नेहमी' (५) लिहिलं तर ६ − ५ = १ गुण. वाटलेल्या कागदावर 'उलट' हा शब्द छापायचा नाही, तो फक्त आपल्या तपासणीसाठी आहे. एकूण गुण ८ ते ४० मध्ये येतील. जास्त गुण म्हणजे वागणं अधिक आधार देणारं.

भाग आ : मागील चार आठवड्यांत...

१. कामाच्या विचाराने मला झोप लागायला वेळ लागला.
२. घरी लहानसहान कारणावरून माझी चिडचिड झाली.
३. डोकेदुखी, पोट बिघडणं, मान आखडणं असा त्रास झाला.
४. सकाळी शाळेत जायला नको वाटलं.
५. शिकवताना मन भलतीकडेच राहिलं.

इथे एकूण ५ ते २५. जास्त गुण म्हणजे जास्त ताण.

भाग आ मध्ये "साहेबांचा फोन आला की छातीत धस्स होतं" असं एक विधान घालण्याचा मोह होईल. पण ते घालू नका. ताणाच्या प्रश्नातच साहेब आणले तर दोन्ही भागांचा संबंध आपोआप जुळेल आणि आपण जे शोधायला निघालो तेच आधी गृहीत धरल्यासारखं होईल. वरिष्ठांचं वागणं हे आपलं स्वाश्रयी चल आणि ताण हे आश्रयी चल. दोन्ही वेगवेगळी मोजायची.

मुख्य प्रश्नावली वाटण्याआधी तीन-चार ओळखीच्या सहकाऱ्यांना ती वाचायला द्या. कुठलं विधान दोन अर्थांचं वाटतं ते विचारा. "साहेब मदत करतात आणि समजून घेतात" असं विधान असेल तर ते मोडून दोन करा, कारण मदत करणारे सगळेच समजून घेतात असं नाही.

६) हिशोब कसा करायचा?

सरावासाठी सहा जणांचे काल्पनिक गुण घेऊ. पहिला आकडा भाग अ चा, दुसरा भाग आ चा.

क : ३४, ९
ख : ३०, १२
ग : २७, १०
घ : २२, १६
च : १८, २१
छ : १४, १७

नुसतं पाहिलं तरी कळतं की अ चे गुण कमी होतात तसा ताण साधारणपणे वाढतो. पण किती घट्ट संबंध आहे? त्यासाठी चार्ल्स स्पिअरमन यांची क्रमांकावरून सहसंबंध काढण्याची पद्धत वापरू. दोन्ही भागांत सर्वांत जास्त गुणांना पहिला क्रमांक द्यायचा.

भाग अ चे क्रमांक (क ते छ) : १, २, ३, ४, ५, ६
भाग आ चे क्रमांक (क ते छ) : ६, ४, ५, ३, १, २
फरक : ५, २, २, १, ४, ४
फरकांचे वर्ग : २५, ४, ४, १, १६, १६
वर्गांची बेरीज : ६६

आता सूत्र. बेरजेला ६ ने गुणायचं : ६ × ६६ = ३९६. माणसांची संख्या गुणिले (संख्येचा वर्ग वजा १) : ६ × ३५ = २१०. मग ३९६ ÷ २१० = १.८९. आणि १ − १.८९ = −०.८९.

हा आकडा −१ ते +१ च्या दरम्यान असतो. शून्याजवळ असेल तर संबंध नाही. +१ कडे असेल तर दोन्ही एकत्र वाढतात. −१ कडे असेल तर एक वाढलं की दुसरं घटतं. आपल्या उदाहरणात −०.८९ म्हणजे वरिष्ठांच्या आधाराचे गुण जास्त तिथे ताण कमी, असा चांगलाच घट्ट उलटा संबंध. अर्थात सहा माणसांवरून खरा निष्कर्ष काढायचा नाही. हे फक्त रीत समजण्यासाठी. दोघांचे गुण सारखे आले तर त्यांच्या क्रमांकांची सरासरी दोघांना द्यायची.

७) सावधगिरी : इथेच बहुतेक अभ्यास चुकतात

संबंध म्हणजे कारण नव्हे. −०.८९ आलं म्हणून "साहेबांमुळेच ताण" असं लगेच म्हणता येत नाही. तीन शक्यता असतात. एक, वागण्यामुळे ताण वाढला. दोन, आधीच ताणात असलेल्या माणसाला साध्या बोलण्यातही टोचणी जाणवली. तीन, दोन्हींमागे तिसरंच कारण आहे. समजा, तालुक्यात बरीच पदे रिकामी आहेत. मग शिक्षकांवरही भार आणि केंद्रप्रमुखांवरही भार. तेही वैतागलेले, आपणही वैतागलेले.

मग उपाय काय? दोनदा मोजा. केंद्रप्रमुखांची किंवा मुख्याध्यापकांची बदली होणार असेल तर बदलीआधी एकदा आणि नवीन वरिष्ठ येऊन तीन महिने झाल्यावर एकदा. सोबत जिथे बदली झालेली नाही अशा शेजारच्या केंद्रातही मोजा. ब्रिटनच्या अभ्यासातल्या १५ जणींच्या गटाचं काम इथे हे शेजारचं केंद्र करेल. परीक्षेचा किंवा निवडणुकीचा काळ दोन्ही मोजण्यांपैकी एकातच येणार नाही, हेही पाहा.

एकाच माणसाचे दोन्ही आकडे. वागणूकही मीच सांगायची आणि ताणही मीच सांगायचा, यात एकाचा रंग दुसऱ्यावर चढतो. म्हणून एखादा बाहेरचा पुरावा जोडा. उदाहरणार्थ, महिन्याभरात शाळेच्या वेळेनंतर ग्रुपवर किती सूचना आल्या, त्यात 'आजच' किंवा 'तात्काळ' किती, एकाच माहितीची मागणी पुन्हा किती वेळा झाली. हे मोजायला कुणाच्या मताची गरज नाही.

नाव कळता कामा नये. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दोन शिक्षकी शाळेत "नाव लिहू नका" म्हणण्याला अर्थ नाही. दोघांपैकी कुणी लिहिलं ते लगेच कळतं. म्हणून एकेका शाळेचे निकाल काढू नका, पूर्ण केंद्राचे एकत्र काढा, आणि दहापेक्षा कमी जणांच्या गटाचा आकडा जाहीरच करू नका. कागदावर फक्त खुणा करायला सांगा, अक्षर ओळखू येतं. वय, लिंग, सेवेची वर्षे असं सगळं विचारत बसलात तर नाव न लिहिताही माणूस सापडतो. आणि कागद गोळा करण्याचं काम वरिष्ठांकडे कधीही नको.

कुणावर सक्ती नको. भीतीने भरलेल्या प्रश्नावलीत सगळे 'नेहमी, नेहमी' लिहितात आणि आपल्या हाती एक सुंदर पण खोटा निकाल येतो.

हे आजाराचं निदान नाही. भाग आ मध्ये कुणाचे गुण फार जास्त येतात आणि झोप, भूक, मन बरेच दिवस बिघडलेलं आहे असं दिसत असेल, तर प्रश्नावली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायला हवं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मानसिक त्रासाबद्दल बोलता येतं. आपल्या सहकाऱ्यांना हा क्रमांक माहीत असू द्या.

८) निकाल आल्यावर काय?

एकूण बेरीज घेऊन कुणाकडे तक्रार करायला धावू नका. त्याने समोरचा माणूस फक्त बचाव करू लागतो. प्रत्येक विधानाची सरासरी वेगळी काढा. कदाचित असं दिसेल की ऐकून घेणं, दखल घेणं यात गुण चांगले आहेत, पण 'पुरेसा वेळ दिला' या एका विधानात सगळीकडे कमी आहेत. मग शिक्षण परिषदेत मागणीही एकच ठेवता येते : "साहेब, शक्य असेल तिथे माहितीसाठी दोन दिवस मिळावेत आणि नमुना एकदाच पक्का करून पाठवावा." ही मागणी मान्य करायला कुणालाही कमीपणा वाटत नाही. तीन महिन्यांनी तेच विधान पुन्हा मोजा. फरक पडला तर तोही आकड्यात सांगा. सुधारणा झाल्याचं वरिष्ठांना कुणीतरी सांगायलाच हवं.

आणखी एक. आपले केंद्रप्रमुखही कुणाच्या तरी हाताखाली आहेत. त्यांना विस्तार अधिकाऱ्यांचा फोन येतो, विस्तार अधिकाऱ्यांना गटशिक्षणाधिकाऱ्यांचा. 'तात्काळ' हा शब्द वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा वेळ खाऊन येतो आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा शाळा सुटलेली असते. हीच प्रश्नावली त्यांनाही त्यांच्या वरिष्ठांबद्दल भरायला दिली तर चित्र पूर्ण होईल.

९) आता आरसा आपल्याकडे

शिक्षक आणि पालकहो, एवढं सगळं वाचल्यावर एक प्रश्न राहतोच. वर्गात वरिष्ठ कोण? आपण. घरी? तुम्ही.

१९३९ मध्ये कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच-पाच मुलांची चार मंडळे केली. मुखवटे तयार करणं वगैरे कामे दिली. काही काळ हुकूमशाही पद्धतीने वागणारा मोठा माणूस, काही काळ मुलांना विचारून चालणारा, काही ठिकाणी काहीच न सांगणारा, असे प्रमुख बदलत ठेवले. इथेही तीच रचना : मुलं तीच, प्रमुखाचं वागणं वेगळं. हुकूमशाही पद्धतीत मुलं एक तर एकमेकांवर खेकसू लागली किंवा अगदी गप्प, मरगळलेली झाली. प्रमुख खोलीबाहेर गेला की काम थांबायचं. विचारून चालणाऱ्या प्रमुखाच्या मंडळात तो बाहेर गेला तरी काम सुरू राहायचं. आणि हुकूम सोडणारा व विचारणारा यांत कोण आवडला, असं विचारल्यावर २० पैकी १९ मुलांनी विचारणाऱ्याचं नाव घेतलं.

आपण वर्गाबाहेर गेल्यावर आपला वर्ग काय करतो?

महिन्यातून एकदा मुलांना एक छोटी चिठ्ठी द्या. तीन विधाने आणि पुढे हसरा, साधा, रडवेला असे तीन चेहरे. 'बाई/गुरुजी माझं बोलणं पूर्ण ऐकतात.' 'काय करायचं ते मला नीट कळतं.' 'चुकलो तर मला भीती वाटत नाही.' नाव नको, फक्त चेहऱ्यावर खूण. डब्यात टाकायची. हसऱ्या चेहऱ्यांची संख्या वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या महिन्याशी ताडून पाहा. पालकांनो, तिसरं विधान घरीही विचारून बघा. उत्तर येईपर्यंत शांत बसायचं, एवढीच अट.

कामावर ताण घेऊन आलेला माणूस तो ताण दारातच ठेवून घरात येत नाही. साहेबांचा शिक्षकावर, शिक्षकाचा मुलावर, कंपनीतल्या मॅनेजरचा बाबांवर आणि बाबांचा लेकरावर असा तो उतरत जातो. भाग आ मधलं दुसरं विधान, घरी होणाऱ्या चिडचिडीचं, मी म्हणूनच तिथे ठेवलं आहे. वरच्या पायरीवरचं वागणं थोडं सुधारलं तर सर्वांत खालच्या पायरीवरच्या मुलापर्यंत त्याचा फायदा पोहोचतो. म्हणून हे मोजायचं.

येत्या शिक्षण परिषदेआधी दोन-चार सहकारी मिळून ही तेरा विधाने वाचा, आपल्या शाळेला लागू पडतील असे बदल करा आणि एका केंद्रापुरता हा अभ्यास करून बघा. कृतिसंशोधनाला यापेक्षा जवळचा विषय शोधून सापडणार नाही.